जगाने तारपा पाहिला, ऐकला कुठे?

1945 हे साल डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात उलथापालथीचं ठरलं. जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान सभेच्या परिषदेला इथले मूठभर वारली जाऊन आले आणि मे महिन्यात झरी गावात हजारोंनी जमून त्यांनी वेठबिगार नाकारली. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघांचा बळी गेला. त्याच वर्षी घोलवडला लागून असलेल्या बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. जमीन, मजुरी आणि शाळा यांचा इथला इतिहास तिथून मोजला जातो. याच ऐंशी वर्षांत इथल्या सुरांचं काय झालं, हा प्रश्न मात्र मागेच राहतो.

खरं तर हे दोन इतिहास वेगळे नाहीत. वारल्यांचं लग्न धवलेरीशिवाय, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईशिवाय, लागत नाही. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठीने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते आणि धवलेरी गाण्यातून देवांना मांडवात बोलावते. ही गाणी तोंडातोंडी, बाईकडून बाईकडे आली. पण याच लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या चार पैशांपायी नवराबायको दोघंही त्याच्या दारात राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ही गुलामगिरी आणि तिच्याविरुद्धचा लढा आला आहे. लग्नगडीची प्रथा मोडली, तेव्हा धवलेरीचं गाणंही कर्जाच्या ओझ्यातून सुटलं, असं मला वाटतं. लढ्याने माणसाला मजुरी मिळवून दिली, तसा स्वतःच्या मांडवाचा आनंदही परत दिला.

धवलेरीच्या गाण्याचं नातं लग्नाशी, तसं तारपा या फुंकवाद्याचं नातं भाताशी आहे. वाळवून पोखरलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या आत थरथरणाऱ्या जिभा, खाली ताडाच्या पानांचा रुंद होत गेलेला कर्णा आणि सगळे सांधे बुजवायला मेण. विकत आणावं असं यात काहीच नाही. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. गाल फुगवून साठवलेली हवा भोपळ्यात जात असतानाच तो नाकाने पुढचा श्वास घेतो. त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घातलेली साखळी फिरते. पुढचा गडी घुंगरकाठी आपटून वळण देतो, चाळा, म्हणजे तारप्याची चाल, बदलला की पावलं बदलतात. भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ हा या नाचाचा खरा हंगाम. भगताची घांगळी वेगळी. बांबूच्या दांड्याला दोन भोपळे, त्यावर ताणलेली तार आणि तिच्या साथीने कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची कथा. पीक, लग्न, देव यांतलं काहीही या सुरांवाचून पुरं होत नसे. म्हणून ते टिकले.

सत्तरच्या दशकात मोठा बदल झाला. चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर आले, भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. मधोमध तारपेवाला आणि भोवती नागमोडी फिरणारी माणसं हे चित्र आज साड्यांवर, स्टेशनांच्या भिंतींवर, परदेशी दालनांत दिसतं. जगाने तारपा पाहिला. ऐकला मात्र नाही. चित्र गुंडाळून मुंबईला नेता येतं, विकता येतं. चाळ्याला खळं लागतं, रात्र लागते, नाचणारी माणसं लागतात.

आणि माणसंच दिवाळीनंतर पाड्यावर राहत नाहीत. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पोरं कारखान्यांत आणि बोटींवर. 1960 मध्ये उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला, तरी सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकच नाच राहिला. राज्यांची सीमा जे तोडू शकली नाही, ते पोटासाठीच्या स्थलांतराने सैल केलं. आता लग्नात की-बोर्डवर तारप्यासारखा सूर वाजतो आणि पोरं त्यावर रात्रभर नाचतात. त्यांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. चाल त्यांच्या पायांत जिवंत आहे, ही जमेची बाजू आहे. पण भोपळा पोखरणारा आणि जीभ जुळवणारा हात गेला, तर की-बोर्डवाला तरी कुणाचं ऐकून शिकणार?

2026 च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली. नव्वदी ओलांडलेल्या माणसाचा हा गौरव चित्राच्या पद्मश्रीनंतर पंधरा वर्षांनी झाला, पण झाला. अशा वादकाकडे शिकायला पोरं बसली पाहिजेत, आणि शिकवणाऱ्याला पुरस्काराच्या पलीकडे महिन्याचं मानधन हवं. घोलवडच्या चिकूसाठी बागायतदार एकत्र आले आणि त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. धवलेरीच्या गाण्यांसाठी निदान तेवढी खटपट व्हायला हवी: तिची परवानगी घेऊन, तिच्या बोलीत ध्वनिमुद्रण, आणि ते पहिल्यांदा तिच्याच पाड्याच्या हवाली. आश्रमशाळांत स्नेहसंमेलनापुरता तारपा नको. भाद्रपद-आश्विनात गावचा तारपेवाला मास्तर म्हणून वर्गात यावा. 1945 मध्ये या डोंगरांनी श्रमाचा मोबदला मागितला होता. सुराचाही मोबदला असतो, आणि तो अजून द्यायचा राहिला आहे.