जुनी मोटार आणि तिचे धक्के

मोटार जुनी झाली हे तिच्या रंगावरून कळते, त्याहून अधिक ते तिच्या चालीवरून कळते. खड्ड्यातून बाहेर पडताच जी एकदा खाली-वर होऊन स्थिर व्हावयाची, ती पुढे होडीप्रमाणे दोन-तीन हेलकावे घेऊ लागते. ब्रेक दाबताच नाक जमिनीकडे नेते, वळणावर बाहेरच्या अंगास अधिक कलते, आणि गतिरोधकावरून उतरताना पुढल्या चाकापाशी कोठेतरी ठक् असा आवाज होतो. हा पालट एका दिवसात घडत नाही. हजारो मैलांच्या प्रवासात तो इतक्या सावकाश होत जातो की रोज ती चालविणाऱ्या मालकाला त्याचा पत्ताच लागत नाही. पुष्कळदा पाहुणा म्हणून आलेला एखादा आप्तच मागच्या बाकावरून प्रथम तक्रार करतो, आणि घरधनी मात्र दोष रस्त्याला देऊन मोकळा होतो. रस्त्यांचा दोष असतोच, पण सगळा त्यांचा नसतो.

या दुखण्याचे मूळ बहुधा ज्या भागात असते त्याला गॅरेजात ‘शॉकअप’ म्हणतात. शॉक अॅब्सॉर्बर या इंग्रजी नावाचे हे आपल्याकडील रूप. वस्तुतः मूळ नावच काहीसे फसवे आहे. धक्का सोसते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेले किंवा उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते वा ताणली जाते आणि धक्क्यातील शक्ती स्वतःत साठवून ठेवते. परंतु साठविलेले परत देणे हाही स्प्रिंगचा धर्म आहे. तिला आवरणारे कोणी नसेल तर एका धक्क्यापोटी ती गाडीला कितीतरी वेळ झुलवीत राहील. हे झुलणे थांबविणे एवढेच शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते आणि तेलात एक दट्ट्या सरकतो. दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. तो खाली-वर होताना तेलाला त्या अरुंद वाटांनी बळेच जावे लागते, या घर्षणाने तेल तापते आणि स्प्रिंगमधील शक्ती उष्णतेच्या रूपाने हवेत निघून जाते. म्हणूनच जुने मिस्त्री खडबडीत रस्त्यावरून गाडी फिरवून आणतात आणि नळीला बेताने हात लावून पाहतात. एका बाजूची नळी कोमट आणि दुसरी थंडगार लागली, तर थंड असलेली काम करीत नाही असे ते समजतात. परीक्षा गावठी खरी, पण तिच्यामागील तत्त्व निर्दोष आहे.

अँबॅसडर मोटारीला पुढे पीळ घेणारी पोलादी कांब आणि मागे पाटे होते. प्रीमियर पद्मिनीला पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे पाटे होते. दोहोंतही शॉकअप हा स्वतंत्र, सुटा भाग होता. तो निकामी झाला तर गाडी डुलत असे, पण चाक आपल्या जागी धरून ठेवण्याचे काम इतर दांडे करीत. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली आणि स्ट्रट नावाची वस्तू आपल्याकडे घरोघर पोहोचली. या रचनेला अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याचे नाव आहे. 1950 साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या फोर्डच्या कॉन्सल व झेफर या गाड्यांनी ती जगाच्या परिचयाची केली. तिच्यात शॉकअपची नळी हाच चाकाचा खांब असतो. खालचे टोक चाकाच्या आसाला घट्ट बांधलेले, वरचे टोक मडगार्डच्या आत, बॉनेटखाली रबरी बैठकीत बसविलेले, आणि स्प्रिंग त्याच नळीभोवती. स्टिअरिंग फिरविले की पुढचा हा सारा खांबच चाकाबरोबर फिरतो. जागा थोडी लागते, सुटे भाग कमी होतात आणि खर्च वाचतो. लहान मोटारींनी ही रचना उचलली ती यामुळेच.

या काटकसरीची किंमत गाडी जुनी झाल्यावर द्यावी लागते. जो भाग धक्के शमवितो तोच चाक उभे धरतो. मग तो झिजला तर दोन्ही कामे बिघडतात. दट्ट्याच्या दांड्याला खेळ आला की चाकाचा कल बदलतो आणि टायर एका अंगाने खाल्ला जातो. शमन थांबले की टायरवर ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडतात, कारण चाक रस्त्यावर सलग न लोळता बारीक उड्या मारीत जाते. खरा धोका या उड्यांत आहे. ब्रेक केवळ चाकाला अडवितो. गाडी थांबते ती टायर व रस्ता यांच्या पकडीने. चाक क्षणभरही हलके झाले की तेवढा क्षण ब्रेक असून नसल्यासारखा होतो. पावसाळ्यात उतरणीच्या घाटात, समोर एखादे गुरू आडवे आले असता, ही चार-दोन हातांची तूट कोणाच्या जिवावर बेतेल हे सांगता येत नाही. आणि तो जीव गाडीच्या मालकाचाच असेल असेही नाही.

परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून एका कोपऱ्यावर भार देऊन ती दाबावी आणि सोडून द्यावी. वर येऊन ती स्थिर झाली तर ठीक; पुनःपुन्हा डुलली तर शॉकअप संपला. मात्र या परीक्षेत उत्तीर्ण झालेला शॉकअप चांगलाच असतो असे नाही, कारण हाताचा दाब आणि वेगातील धक्का यांत फार अंतर आहे. तेव्हा चाकामागे वाकून नळीही पाहावी. तेलाचा किंचित ओलावा क्षम्य असतो. पण धूळ-चिखलाचा थर भिजवीत ओघळ खाली आला असेल तर आतील सील गेले हे निश्चित. स्टिअरिंग फिरवताना कटकट आवाज येत असेल आणि चाक आपणहून सरळ होत नसेल, तर नळीपेक्षा वरची बैठक व तिच्यातील बेअरिंग यांवर संशय घ्यावा. या तपासणीपूर्वीच पूर्ण स्ट्रट बदलून बसणारे लोक थोडे नाहीत.

दुरुस्तीत मोह होतो तो स्वस्ताईचा. जुन्या नळीत तेल भरून ती रंगवून देणारे कारागीर सर्वत्र आहेत. परंतु झिजलेला दांडा व सैल झडपा तेलाने भरून येत नाहीत. नवीन स्ट्रट घ्यावा आणि तो डावा-उजवा जोडीनेच बसवावा; एक कडक व दुसरा मऊ राहिला तर ब्रेक लावताना गाडीची चाल दोन्ही अंगांनी सारखी राहत नाही. वरची बैठक, धुळीचा रबरी बुरखा आणि आतला गुटका त्याच वेळी बदलावा, कारण त्यांसाठी पुन्हा तीच मजुरी पडते.

एक गोष्ट मात्र घरच्या हौशी माणसाने जाणून असावी. दबलेल्या स्प्रिंगमध्ये गाडीचा बराचसा भार तोलण्याइतकी शक्ती कोंडलेली असते. वरचा मधला नट तिला न आवळता सोडला तर ती सुटून माणसाला प्राणघातक इजा करू शकते. तिला आवळण्याचे खास साधन असते. कोठे कोठे दोर किंवा साखळी बांधून हे काम उरकतात, तसे करू नये. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली शिरू नये, मजबूत घोडीवर टेकवावी. दांड्याच्या चकचकीत अंगाला पक्कड लावू नये. एक ओरखडा नवीन सीलही फाडतो. ब्रेकची रबरी नळी ताणू देऊ नये. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवून, तिचा भार चाकांवर आल्यानंतरच अखेरचे आवळावेत. अधांतरी आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

काम झाल्यावर चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यावी. ती टाळली तर नवे टायर जुन्यांच्याच वाटेने जातात. काही दिवस गाडी वापरल्यावर सगळे नट एकदा पुन्हा पाहावेत. गाडीची नोंदणी 15 वर्षांची होत आली असेल, तर नूतनीकरणाच्या तपासणीआधी हे सारे उरकून घेणे बरे; त्यावेळी पावत्या हाताशी असाव्यात.