शेवंतीची शाखीय वाढ आणि दिव्यांची निवड

हरितगृहातील शेवंतीची रोपे जेमतेम वीतभर उंच झाली नाहीत तोच शेंड्यावर कळ्या दिसू लागल्या, ही तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. पाणी, खत, औषध यांत काही उणे नसते; तरीही दांडी आखूड राहते, आणि लांब दांडीच्या फुलांच्या बाजारात अशा मालाला गिऱ्हाईक मिळत नाही. रोपांचा आणि मजुरीचा सारा खर्च अंगावर येतो. या दोषाचे मूळ जमिनीत नसून रात्रीच्या लांबीत आहे.

शेवंती ही लघुदिवसी वनस्पती होय. दिवस सुमारे साडेतेरा तासांहून लहान असला की ती शाखीय वाढ थांबवून कळी धरते. जातीपरत्वे यात थोडाफार फरक असतो. पुण्याच्या अक्षांशावर जूनमधील सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. उघड्या शेतातील देशी जाती उन्हाळ्याच्या अखेरीस लावल्यास संधिप्रकाशाचा आधार घेऊन पावसाळ्यात अंग धरतात. परंतु दांडीच्या फुलांसाठी आलेल्या जाती वर्षातून केव्हाही लावावयाच्या असतील, तर त्यांना मोठ्या दिवसाचा भास निर्माण करून द्यावा लागतो.

अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर व अ‍ॅलर्ड या शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांतून दिवसमानाचा हा नियम मांडला. भांगेचे झाडही याच नियमाने चालते. पुढे 1938 मध्ये हॅमनर व बॉनर यांनी दाखवून दिले, की वनस्पती खरोखर मोजते ती रात्र. अखंड काळोख मध्येच तोडला की लांब रात्रीचा परिणाम नाहीसा होतो. म्हणूनच शेवंतीला संध्याकाळपासून पहाटेपर्यंत दिवे लावण्याची गरज नसते. रात्री 10 ते 2 असे चार तास पुरतात.

दिवा निवडताना नेमका येथेच घोटाळा होतो. ‘वाढीचे दिवे’ म्हणून जांभळ्या उजेडाची महागडी उपकरणे विकली जातात. ती बंद खोलीत, सूर्यप्रकाशाऐवजी वापरण्यासाठी असतात. हरितगृहातील शेवंतीला अन्न तयार करण्यासाठी दिवसाचे ऊन मिळतेच. भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स असते; रात्र तोडण्यास मात्र पानांवर 100 लक्स, म्हणजे त्याचा हजारावा भाग, पुरेसा होतो. एवढ्यासाठी ते उपकरण घेणे म्हणजे पैसा वाया घालविणेच आहे.

मग कोणता दिवा घ्यावा? पूर्वी 60 वॉटचे तारेचे बल्ब वापरीत. त्यांचा गुण येतो, पण त्यांच्या उजेडात अतिलाल किरण फार असल्याने दांडी उंच व कृश होण्याकडे कल राहतो, आणि वीजही फार लागते. 100 बल्बांची मांडणी धरली तर चार तासांस 24 युनिट, म्हणजे 30 रात्रींस 720 युनिट लागतात. तितकाच उजेड देणारे 9 वॉटचे एलईडी दिवे असतील, तर हाच आकडा 108 युनिटांवर येतो. ज्या गावी रात्री वीज जाते तेथे याचे महत्त्व आणखी वाढते. 900 वॉटचा भार योग्य क्षमतेच्या बॅटरीवर चालविता येतो, 6,000 वॉटचा भार तसा चालविणे सामान्य शेतकऱ्यास परवडत नाही. एखादी रात्र चुकली तर फारसे बिघडत नाही. ओळीने काही रात्री चुकल्या, तर मात्र कळी धरण्यास आरंभ होतो.

काळोखाचे मोजमाप करणारे पानांतील द्रव्य लाल उजेडास सर्वांत लवकर प्रतिसाद देते. म्हणून निळसर पांढऱ्या दिव्यापेक्षा पिवळसर पांढरा, किंवा लाल व पांढरा मिश्र एलईडी अधिक बरा. दिव्यांतील अंतर अंदाजाने ठरवू नये. रात्री हरितगृहात जाऊन दोन दिव्यांच्या मधोमध, जेथे उजेड सर्वांत कमी पडतो तेथे, शेंड्याच्या उंचीवर लक्समापक धरावा. निव्वळ लाल दिव्याखाली मात्र हे उपकरण फसविते. ते माणसाच्या डोळ्यास अनुसरून बनविलेले असल्याने आकडा कमी दाखविते. तेथे विक्रेत्याकडून प्रत्यक्ष चाललेल्या मांडणीचा पत्ता घेऊन पीक पाहून यावे. हरितगृहातील ओल लक्षात घेता होल्डर पाणीरोधक असावेत आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण मुख्य ताराजोडणीत अवश्य बसवावे. दिवे चालू-बंद करण्याचे काम घड्याळी कळीकडे सोपवावे. माणसाला झोप लागते.

दांडी 30 ते 35 सेंटिमीटर झाली की दिवे बंद करावयाचे. तेथून फूल येण्यास पुष्कळशा जातींस आठ ते दहा आठवडे लागतात, म्हणून हिशेब बाजाराच्या तारखेपासून उलटा करावा. नऊ आठवड्यांची जात 25 डिसेंबरच्या बाजारास हवी असेल, तर दिवे 22 ऑक्टोबरच्या सुमारास बंद झाले पाहिजेत आणि त्या आधी तीन-चार आठवड्यांची शाखीय वाढ झालेली असली पाहिजे. यानंतर काळोख खरोखर काळोख असावा. शेजारच्या वाफ्यात नवी लागवड दिव्याखाली असेल तर मधे काळे कापड सोडावे. रस्त्यावरचा दिवा हरितगृहावर पडत असेल तर त्या बाजूसही तेच करावे. एका कोपऱ्यातील रोपे हिरवीगार वाढत आहेत आणि कळी मात्र धरत नाहीत असे दिसल्यास खताची मात्रा तपासण्यापूर्वी रात्री तेथे उभे राहून उजेड कोठून येतो ते पाहावे.