बोहारीण आणि दहा सेंट

पुण्यात आमच्या वाड्यात अधूनमधून बोहारीण यायची. तुमच्यापैकी जे इथेच वाढलेत त्यांच्यासाठी सांगतो: डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी, जुने कपडे घेऊन त्या बदल्यात नवं भांडं देणारी ही बाई. आई दोन साड्या आणि वडिलांची एक पँट पुढे ठेवायची. बोहारीण साडी उजेडाकडे धरून विरलेली जागा दाखवायची. तासभर घासाघीस चालायची आणि शेवटी एका पातेल्यापायी आणखी एक सदरा जायचा. ते दिवस फार रम्य होते असं मी म्हणणार नाही. त्या बाईच्या पायपिटीचा हिशेब कुणीच धरत नव्हतं. पण वापरून झालेल्या वस्तूलाही किंमत असते, हे आम्हा पोरांना न शिकवता कळलं होतं.

नोव्हायला घर घेतल्यावर मी ते विसरलो. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर नवं केलं. जुन्यात बिघडलं काहीच नव्हतं, रंग जुना वाटत होता इतकंच. धडधाकट कपाटं आणि भिंतींचा ड्रायवॉल अंगणातल्या डंपस्टरमध्ये पडला, आणि एके सकाळी डंपस्टर गेला. कुठे गेला, हे विचारायचं मला सुचलं नाही. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला!

ड्रायवॉल म्हणजे जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते कचऱ्याच्या ढिगात ओलं झालं आणि हवा मिळाली नाही, की जिवाणू त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यांचा वास तो हाच. आपल्या नेपिअर रोडने दक्षिणेला, एट माइल ओलांडून सिक्स माइलपर्यंत गेलात की सेलम टाउनशिपमध्ये आर्बर हिल्सचा कचऱ्याचा डोंगर लागतो. तिथल्या वासाबद्दल नॉर्थव्हिलच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. २०२० मध्ये मिशिगनच्या अ‍ॅटर्नी जनरलनी खटला भरला, २०२२ मध्ये तडजोड झाली. माझा ड्रायवॉल तिथेच गेला की आणखी कुठे, मला सांगता येणार नाही. पण तो कुणाच्या तरी खिडकीशी गेला, एवढं नक्की.

आता दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. मिशिगनमध्ये कोकच्या रिकाम्या कॅनला दहा सेंट मिळतात. आणि लँडफिलमध्ये टाकलेल्या कचऱ्यावर राज्याचा अधिभार कित्येक वर्षं टनाला ३६ सेंट राहिला. एक टन कचरा चार कॅनपेक्षा स्वस्त! २०२४ मध्ये गव्हर्नर व्हिटमर यांनी तो पाच डॉलर करायचं सुचवलं, तेव्हा कुठे या आकड्याची चर्चा झाली. इथे कचरा पुरणं इतकं स्वस्त, की २००३ पासून २०१० पर्यंत टोरांटो शहराचा कचरा ट्रकांनी सीमा ओलांडून आपल्या वेन काउंटीतल्या सम्प्टर टाउनशिपमध्ये येत होता. बाहेरचा कचरा नको म्हणायचीही सोय राहिलेली नव्हती. कचरा हाही व्यापारी माल आहे, तो अडवता येत नाही, असा निकाल १९९२ साली सुप्रीम कोर्टाने मिशिगनच्याच खटल्यात दिला होता.

ते दहा सेंट मात्र मला आपली बोहारीण वाटतात. १९७६ साली इथल्या लोकांनी मत देऊन हा कायदा केला, १९७८च्या डिसेंबरात तो लागू झाला. रिकाम्या बाटलीला किंमत राहिली, म्हणून ती रस्त्याकडेला पडेनाशी झाली. शंभरातल्या नव्वदहून अधिक बाटल्या परत येत. करोनानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे प्रमाण पंचाहत्तरच्या आसपास उतरलं. आपल्यालाही आता दहा सेंटसाठी मायरच्या यंत्रापुढे रांगेत उभं राहावंसं वाटत नाही.

आणि साध्या पाण्याच्या बाटलीला हा कायदा लागूच नाही. कॉस्टकोतून आपण खोकीच्या खोकी आणतो, त्या या बाटल्या. दिवाळीच्या कार्यक्रमानंतर आम्ही निवृत्त मंडळी पिशव्या बांधायला थांबतो. दोन घोट पिऊन टाकलेल्या बाटल्या, थर्मोकोलच्या ताटल्या, त्यात अर्धी पुरणपोळी. ज्या महाराष्ट्राच्या नावाने आपण जमतो, तिथे २०१८ पासून थर्मोकोलच्या ताटल्यांवर बंदी आहे. स्टीलची ताटं आणूया, असं मी एकदा सुचवून पाहिलं. “काका, धुणार कोण?” असा प्रश्न आला. प्रश्न खरा आहे. गावी लग्नाच्या पंगतीची भांडी घासणाऱ्या बायकांना आपण कधी नावाने हाक मारली होती?

शिडीचंही तसंच. आमच्या सबडिव्हिजनमध्ये घरटी एक उंच शिडी आहे, वर्षातून दोनदा लागणारी. शेजाऱ्याकडे मागायला जायची गरज उरली नाही. पलीकडच्या घरात अकरा वर्षं राहणाऱ्या गृहस्थांचं नाव मला त्यांच्या घरावर ‘फॉर सेल’ची पाटी लागली तेव्हा कळलं.

तर यंदा एवढं करू. ताटांचं पुढे बघू; पाणी मोठ्या पिंपात ठेवू आणि पेला ज्याने त्याने घरून आणायचा. धुवायचा प्रश्नही मिटला. मी आणणार आहे तो पेला आईने बोहारणीशी भांडून मिळवलेला आहे. बुडाशी तिचं नाव कोरलंय, आणि साल १९६१. दाराजवळच्या टेबलाशी मी उभा असेन, पाहायचा असेल तर या.