हेक्स फाइल नेमकी कोणाची?

भोपाळच्या इंजिनीअरिंगच्या पोरांची मायक्रोकंट्रोलरशी पहिली गाठ पडते ती बहुधा 8051 शी. इंटेलने ही चिप 1980 मध्ये आणली. म्हणजे ती पोरांपेक्षाच काय, त्यांच्या काही सरांपेक्षाही थोरली. जोडीला कीलच्या कंपायलरची फुकट चाचणी-आवृत्ती. कोड 2 किलोबाइटच्या वर गेला की ती हात वर करते. एलईडी लुकलुकवायला एवढं पुष्कळ. प्रिंटएफ वापरलात तर मात्र पोहे-जलेबी पोटात जिरायच्या आत जागा भरते.

यावर उतारा एसडीसीसी. संदीप दत्ता यांनी सुरू केलेला हा कंपायलर जीपीएल परवान्याचा (म्हणजे वाटलेल्या प्रोग्रामचा सोर्स कोडही खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याचा) आणि 8051 साठी कोडची असली मर्यादा न घालणारा. पण त्याच्याही घरात सोवळं-ओवळं आहे! पिक चिप बनवणाऱ्या मायक्रोचिप कंपनीकडून आलेल्या फाइली चक्क ‘नॉन-फ्री’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात बसतात. त्या मायक्रोचिपच्याच चिपसाठी वापरायच्या, अशी अट आहे. आणि जीपीएलच्या पंक्तीला अशी अट चालत नाही.

आता नेहमीची धास्ती: जीपीएल कंपायलर वापरला, तर भोपाळच्या एम. पी. नगरातल्या दुकानात विकायला ठेवलेल्या माझ्या यंत्राचा कोडही जगाला द्यावा लागेल? छे! मूर्तीवर साचेवाला हक्क सांगत नाही. खरी गोम वेगळीच आहे. आर्डुइनो उनोवरच्या एव्हीआर चिपला भागाकाराची सूचनाच नाही. तुम्ही निमूटपणे ‘अ भागिले ब’ लिहिता आणि तिचा जीपीएल कंपायलर जीसीसी आपल्या लायब्ररीतला भागाकाराचा तुकडा चिपमध्ये भरायच्या तुमच्या हेक्स फाइलीत सोडून देतो. म्हणजे मूर्तीत साच्याची थोडी माती आलीच की! म्हणून जीसीसीच्या परवान्याला खास सूट जोडलेली आहे. 2009 मध्ये ती नव्याने लिहिली गेली. ती आहे म्हणून तुमचा कोड तुमच्याच तिजोरीत.

त्याच चिपची सी लायब्ररी, एव्हीआर-लिबसी, बीएसडी परवान्याची. विका, लपवा, काहीही करा. फक्त यंत्रासोबतच्या कागदपत्रांत मूळ लेखकांची कॉपीराइट सूचना छापा. घरातल्या एखाद्या यंत्राचं माहितीपत्रक चाळून पाहा, सापडली तर कळवा.

आणि जीपीएल म्हणजे फुकट, असं कोणी सांगितलं? मायक्रोचिपचा एक्ससी32 कंपायलर जीसीसीवरच बेतलेला. सोर्स कोड मिळतो, पण वरच्या दर्जाचं ऑप्टिमायझेशन हवं तर पैसे मोजा. परवान्याला विक्रीचं वावडं नाही.

जीसीसीच्या घराण्याचा प्रतिस्पर्धी एलएलव्हीएम. तो 2000 मध्ये इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांच्या हातून जन्मला. अडवे पवईच्या आयआयटीचे, 1987 चे बी.टेक. एलएलव्हीएमचा परवाना इतका मोकळा, की चिपवाल्या आर्मने आपला कंपायलर 6 त्यावरच उभारला. गंमत म्हणजे 2005 मध्ये लॅटनर यांनी मेल पाठवून एलएलव्हीएम, कॉपीराइटसकट, जीसीसीला देऊ केला होता. जीपीएल आणि जीसीसीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांच्या नजरेतून तो मेल निसटला. त्यांना त्याचा पत्ता लागला तो थेट 2015 मध्ये.