खिंडीतलं थडगं

प्लिमथ नॉच हे अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातलं डोंगरातलं खेडं. नॉच म्हणजे खिंड. गावाच्या दफनभूमीत टेकडीच्या उतारावर ग्रॅनाइटच्या साध्या दगडांची एक ओळ आहे. त्यातल्या एका दगडावर कोरलंय कॅल्विन कूलिज हे नाव, ४ जुलै १८७२ आणि ५ जानेवारी १९३३ या दोन तारखा, आणि वरच्या बाजूला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची मुद्रा. एवढंच. ती मुद्रा नसती तर हा देशाचा तिसावा राष्ट्राध्यक्ष, हे शेजारून जाणाऱ्याला कळलंही नसतं. ना घुमट, ना चौथरा, ना पुतळा. अलीकडे-पलीकडे त्यांचेच नातलग. या मातीत कूलिज घराण्याच्या सात पिढ्या विसावल्या आहेत.

हे गाव विंडसर काउंटीत येतं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण इथली लोकसंख्या जेमतेम ५८ हजारांच्या घरात, आणि प्लिमथची तर साडेसहाशेच्या आसपास. एवढ्याशा मुलखात राष्ट्राध्यक्ष, परराष्ट्रमंत्री, टपालमंत्री अशी मोठमोठ्या पदांवरची माणसं पुरलेली आहेत. मला नवल वाटतं ते त्यांच्या पदांचं नाही. शेवटची जागा म्हणून कुणी हाच मुलूख का निवडला, आणि इथेच जन्मलेला एखादा दूर परक्या मातीत का राहिला, ते शोधू लागलं की एकेका दगडामागून अख्खं आयुष्य उलगडत जातं.

कूलिजांचंच पाहा. त्यांचं राजकारण घडलं शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात. नॉर्थॅम्प्टन गावात वकिली केली, तिथेच संसार मांडला, त्या राज्याचे गव्हर्नर झाले, आणि देह ठेवला तोही नॉर्थॅम्प्टनलाच. तिथे अंत्यसंस्काराची प्रार्थना झाली, तिला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हूव्हर आले होते. पण माती मिळाली ती प्लिमथची.

या ओढीचं कारण समजायचं तर १९२३च्या ऑगस्टमध्ये जायला हवं. कूलिज तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होते आणि सुटीला वडिलांकडे आले होते. २ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत अचानक वारले. कूलिजांच्या घरात ना वीज होती, ना टेलिफोन. त्यामुळे बातमी पोचली ती मध्यरात्रीनंतर, मोटार घेऊन आलेल्या माणसांच्या तोंडून. वडील जॉन कूलिज गावातले नोटरी होते. पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी, बैठकीच्या खोलीत, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, बापाने मुलाला देशाच्या सर्वोच्च पदाची शपथ दिली. अमेरिकेच्या इतिहासात असं दुसऱ्यांदा घडलेलं नाही. राज्याच्या नोटरीने दिलेली शपथ केंद्राच्या पदाला चालते का, अशी शंका पुढे निघाली आणि वॉशिंग्टनमध्ये एका न्यायाधीशाने गुपचूप पुन्हा शपथ दिली. कायदा काही म्हणो, लोकांच्या मनात राहिली ती रॉकेलच्या दिव्याची शपथच.

वर्षही उलटलं नाही तोच धाकटा मुलगा गेला. तोही कॅल्विनच, वय १६. व्हाइट हाउसच्या मैदानावर मोजे न घालता टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, त्यातून रक्तात विष भिनलं. पेनिसिलिन मिळायला अजून बराच काळ होता. ७ जुलै १९२४ला तो गेला आणि त्याला याच उतारावर आणलं. दोन वर्षांनी त्याचे आजोबा, शपथ देणारे जॉन, इथेच आले. राष्ट्राध्यक्षांची पाळी आली तोवर त्यांची बरीचशी माणसं इथे येऊन थांबली होती.

याच काउंटीतल्या वुडस्टॉक गावात जेकब कोलामर यांचं थडगं आहे. टपालमंत्री, नंतर सिनेटर. यादवी युद्ध पेटलं तेव्हा बंड मोडून काढण्याचे अधिकार लिंकनना कायद्याने देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. प्रत्येक राज्याने वॉशिंग्टनच्या संसद भवनात आपल्या दोन माणसांचे पुतळे ठेवावेत अशी तिथली रीत आहे, आणि व्हरमाँटने पाठवलेल्या दोनांत एक कोलामर. तो पुतळा घडवणाऱ्या प्रेस्टन पॉवर्सचे वडील हायरम हेही नामांकित शिल्पकार, आणि त्यांचा जन्म वुडस्टॉकचाच!

विंडसर गावात विल्यम एव्हर्ट्स आहेत. बॉस्टनमध्ये जन्मलेले, न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले वकील. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर १८६८मध्ये महाभियोग चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे परराष्ट्रमंत्री झाले. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याखालचा चौथरा उभारायला पैसा गोळा करणाऱ्या समितीचे तेच अध्यक्ष. एवढ्या चौथऱ्याची धडपड केलेला माणूस विसावला मात्र विंडसरमध्ये, जिथे त्यांचं उन्हाळ्यातलं घर होतं.

आणि एक जण इथे नाही. जॉर्ज पर्किन्स मार्श, जन्म १८०१, वुडस्टॉक. लहानपणीच त्यांनी गावाभोवतीचे डोंगर उजाड झालेले पाहिले. झाडं तुटली की माती वाहून जाते, झरे आटतात, नद्यांना पूर येतात, हे डोळ्यांदेखत शिकले. पुढे अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले, मग लिंकननी त्यांना इटलीत राजदूत म्हणून नेमलं. १८६४मध्ये त्यांनी लिहिलेल्या ‘मॅन अँड नेचर’ या ग्रंथाने, माणूस पृथ्वीचं रूप कसं बिघडवतो, हे जगासमोर ठेवलं. ते राजदूतपदावर २१ वर्षं राहिले. १८८२मध्ये वालोम्ब्रोसाच्या डोंगरात, जिथे इटलीची वनविद्या शाळा होती, तिथेच त्यांचा अंत झाला. थडगं रोममध्ये, कीट्स आणि शेली हे इंग्रज कवी ज्या दफनभूमीत आहेत तिथे. वुडस्टॉकच्या त्यांच्या घराभोवती मात्र आज दाट झाडी आहे आणि त्यांचं नाव लावलेलं राष्ट्रीय उद्यान.

व्हरमाँटमध्ये मार्च महिन्यात गावसभा भरते. रस्ते, शाळा, कर, सगळं तिथे ठरतं. कित्येक गावं त्याच सभेत दफनभूमीची देखभाल करणारी माणसंही निवडतात. गवत कापायचं, कललेला दगड सरळ करायचा, ही कामं राष्ट्राध्यक्षाच्या ओळीलाही तीच आणि शेतकऱ्याच्या ओळीलाही तीच. ४ जुलैला, कूलिजांच्या जन्मदिवशी, व्हाइट हाउसकडून पुष्पचक्र येतं आणि गावातून चालत मंडळी ते घेऊन दफनभूमीत जातात.

त्या वाटेने कूलिज स्वतःही गेले होते. शपथ झाली, थोडी झोप काढली, उजाडलं. वॉशिंग्टनला निघायची घाई होती. सगळा देश वाट पाहत होता. तरी निघताना ते दफनभूमीपाशी थांबले आणि आईच्या थडग्यापाशी गेले. आई गेली तेव्हा ते १२ वर्षांचे होते.