बेतलेली नळी की कोरी नळी?



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. विमान पाहावे बांधून, असे म्हणण्याचे धाडस मात्र आपल्या पूर्वजांना झाले नाही, आणि त्यात त्यांचा काही दोषही नाही. आपल्या काळात ते धाडस एका मराठी माणसाने केले. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचे विमान उभे केले. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली. पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'हे उडेल का?' असा. बांधणाऱ्याला मात्र त्याआधी शेकडो बारीकसारीक प्रश्न सोडवावे लागतात. आज त्यांतला एकच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. ज्या विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो, त्याच्या नळ्या अखंड, कोऱ्या आणून स्वतः कापाव्यात, की मापाप्रमाणे कापून तयार आलेल्या घ्याव्यात? वरवर पाहता हा प्रश्न बाजारहाटाचा वाटतो. पण त्यात बांधणाऱ्याचा आणि त्याच्या शेजारी विश्वासाने बसणाऱ्याचा जीव गुंतलेला आहे.

या छंदाचे माहेरघर अमेरिका. पॉल पोबेरेझ्नी या वैमानिकाने १९५३ साली मिलवॉकी येथे 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही हौशी बांधकऱ्यांची संस्था काढली. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' या लोकप्रिय मासिकात 'बेबी एस' नावाचे छोटे विमान घरी कसे बांधावे, हे त्याने लेखांतून सांगितले, आणि गावोगावच्या गॅरेजांतून करवती चालू झाल्या. १९७० सालापासून या मंडळींचा वार्षिक मेळावा विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी भरतो. त्याच १९७० साली डेन्व्हर येथील लमार स्टीन या शिक्षकाचे 'स्कायबोल्ट' हे दोन पंखी विमान प्रथम उडाले. ते त्याच्या शाळेतील विद्यार्थ्यांनी वर्गातला उपक्रम म्हणून बांधले होते!

तिथला कायदा या बाबतीत मोठा मार्मिक आहे. ज्या विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी घडवला आणि जुळवला असेल, त्यालाच हौशी बांधणीचे विमान म्हणून परवाना मिळतो. शिक्षण हा शब्द आपण ध्यानात ठेवावा. आपल्या प्रश्नाचे उत्तर शेवटी त्याच शब्दापाशी सापडणार आहे.

प्रथम सांगाडा म्हणजे काय ते पाहू. विमानाच्या धडात नाकापासून शेपटीपर्यंत चार लांब नळ्या जातात. त्यांना उभ्या, आडव्या आणि तिरप्या नळ्यांनी बांधून सगळीकडे त्रिकोण तयार केलेले असतात. चौकोन दाबला तर कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. आपल्या छपराच्या कैच्या याच तत्त्वावर उभ्या असतात. त्रिकोणामुळे प्रत्येक नळीवर ताण किंवा दाब येतो तो तिच्या लांबीच्या दिशेने, आणि नळीला तो उत्तम पेलतो. पहिल्या महायुद्धात अँथनी फोकर याच्या विमानांची धडे अशाच वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांची होती. आज सर्रास वापरले जाते ते ४१३० क्रमांकाचे पोलाद. या क्रमांकातले ४१ हे आकडे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांच्या मिश्रणाची जात सांगतात, आणि ३० हा आकडा सांगतो की त्यात कार्बन शेकडा सुमारे ०.३० आहे. नळीची भिंत मात्र किती पातळ! पाऊण इंच व्यासाच्या नळीची भिंत पुष्कळदा एका इंचाच्या हजार भागांपैकी ३५ भाग असते, म्हणजे एक मिलिमीटरही नाही.

आता खरी अडचण सुरू होते. एक गोल नळी दुसऱ्या गोल नळीला टेकवायची, तर पहिलीचे टोक सरळ कापून चालत नाही. त्याला माशाने जबडा उघडावा तशी खाच पाडावी लागते. नळी तिरपी येत असेल तर खाचही तिरपी. एकाच सांध्यावर पाच-सहा नळ्या येत असतील, तर प्रत्येकीला शेजारणीसाठी जागा सोडावी लागते. खाच नीट बसली नाही आणि फट राहिली, तर वेल्डिंग करणाऱ्याला ती वितळलेल्या धातूने बुजवावी लागते. त्यासाठी ज्योत अधिक वेळ धरावी लागते, आणि तेवढ्यात पातळ भिंत जळून भोक पडते किंवा सांध्याजवळचे पोलाद बिघडते. बाहेरून सांधा गुबगुबीत दिसतो; आतून तो दुबळा असतो.

कोरी नळी आणणारा माणूस हे सारे हाताने करतो. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून खाचेची रेषा आखतो, करवतीने कापतो, कानशीने घासतो, जागेवर लावून उजेडात फट पाहतो, पुन्हा घासतो. धडात शंभर नळ्या धरल्या तर टोके दोनशे. एका टोकाला अर्धा तास धरला तरी शंभर तास झाले. दिवसभर नोकरी करून रात्री दोन तास काम करणाऱ्याचे हे पन्नास दिवस. शिवाय चुकून आखूड कापलेली नळी भंगारात जाते, ते नुकसान वेगळे.

म्हणूनच गेल्या काही दशकांत संगणकाच्या आज्ञेने नळ्या कापणारी यंत्रे आली, तेव्हा बांधकऱ्यांनी त्यांचे स्वागत केले. ठाणातले कापड आणण्याऐवजी शिंप्याने बेतून दिलेले तुकडे आणावेत, तसा हा प्रकार. प्रत्येक नळी मापात, दोन्ही टोकांच्या खाचा तयार, अंगावर क्रमांक घातलेला. पैसे अधिक पडतात, पण शंभर तास वाचतात आणि खाचा हाताने क्वचितच साधतील इतक्या नेमक्या असतात. विजेच्या बारीक ठिणगीने, टंगस्टनच्या टोकाने वेल्डिंग करणाऱ्याला तर अशी घट्ट बसणारी खाच हवीच असते. गॅसची ज्योत फटीला थोडीफार क्षमा करते. ही ठिणगी करत नाही.

मग प्रश्न सुटला, असे आपण म्हणाल. थांबा. इथे एक गोष्ट उलटी होते, आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

कोऱ्या नळीच्या कामात प्रमाण असतो तो साचा. टेबलावर आराखडा आखून, ठोकळे ठोकून बांधकरी साचा तयार करतो आणि नळी त्याबरहुकूम घासतो. बेतलेल्या नळीच्या कामात नळी हेच प्रमाण ठरते आणि साच्याला तिच्याबरहुकूम असावे लागते. समजा, साच्यात पाव इंचाची चूक झाली आहे. कोरी नळी त्या चुकीतही निमूट बसते, कारण आपण तिला चुकीच्या मापाने कापतो. चूक झाकली जाते आणि पुढे पंख किंवा शेपटी जोडताना उघडी पडते. बेतलेली नळी मात्र बसत नाही. ती ओरडून सांगते की काहीतरी चुकले आहे. हा तिचा फार मोठा गुण. पण दमलेला माणूस रात्री अकरा वाजता काय करतो? साचा तपासण्याऐवजी तो कानस उचलतो आणि नळीच घासतो. एक नळी घासली की दुसरी बसत नाही, मग तिसरीही घासावी लागते. ज्या नेमकेपणाचे पैसे मोजले, तो असा आपल्याच हाताने कानशीच्या चुऱ्यात जातो. म्हणून बेतलेल्या नळ्या घेणाऱ्याने एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा : नळी बसली नाही तर ओळंबा, पाणसळ आणि गुण्या हातात घ्यावा, कानस नव्हे.

दुसरी गोष्ट ओळखीची. कोऱ्या नळीवर पोलादाची जात आणि माप लांबीभर छापलेले असते. तुकडे करताना ही अक्षरे काही तुकड्यांवर राहतात, काहींवरून जातात. भिंत ३५ भागांची असो वा ४९ भागांची, बाहेरचा व्यास सारखाच असल्यामुळे दोन नळ्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. जाड नळीच्या जागी पातळ बसली तर डोळ्याला काही कळणार नाही. कळेल ते धक्का बसल्यावर. तेव्हा प्रत्येक तुकड्यावर खूण करावी आणि बसवण्यापूर्वी व्हर्नियरने भिंत मोजावी. बेतलेल्या नळीवर क्रमांक असतो म्हणून ही तपासणी टळत नाही. पोलादाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि नळी आराखड्याशी ताडून पाहावी. क्रमांक कोणीही घातला असला, तरी उडणार आपण आहोत.

तिसरी गोष्ट अशी की, जे सर्वांत कठीण आहे ते दोन्ही मार्गांत आपल्याच वाट्याला येते. सांधा निवताना आक्रसतो आणि सांगाड्याला आपल्याकडे ओढतो. त्यामुळे आधी सर्वत्र लहान टाके मारून, मग आलटून पालटून दोन्ही बाजूंनी वेल्डिंग करावे लागते. हे पोलाद एकदम थंड केले तर ठिसूळ होते. तापलेल्या सांध्यावर वाऱ्याचा झोतही नको. नळी आतून गंजू नये म्हणून लहान भोकातून गरम जवसाचे तेल आत फिरवून भोक बंद करण्याची जुनी पद्धत आहे. यांतले कोणतेही काम कापयंत्र करून देत नाही.

तेव्हा निवड कशी करावी? आराखडा प्रसिद्ध आहे, त्यात आपण काही बदल करणार नाही आणि त्याच आवृत्तीच्या बेतलेल्या नळ्या मिळतात, अशा स्थितीत नवशिक्याने त्या घ्याव्यात, असे मी स्वच्छ सांगतो. वाचलेले शंभर तास साचा सरळ करण्यात आणि वेल्डिंग शिकण्यात घालावेत. ज्याला बैठक रुंद करायची आहे, इंजिन बदलायचे आहे किंवा ज्याच्या आराखड्याच्या तयार नळ्या मिळतच नाहीत, त्याने कोरी नळीच घ्यावी. तयार तुकड्यांत फेरफार करत बसणे हा तिसरा मार्ग दोन्हींपेक्षा वाईट.

पण बेतलेल्या नळ्या घेणाऱ्यानेही काही फूट कोरी नळी सोबत मागवावी. तिच्यावर दहा-वीस खाचा हाताने पाडाव्यात, सांधे जोडावेत, करवतीने उभे कापून आतवर धातू मिसळला आहे का ते पाहावे. काही सांधे पकडीत धरून मोडेपर्यंत वाकवावेत. नळी मोडली आणि सांधा टिकला तर हात तयार झाला. सांधाच मोडला तर अजून विमानाला हात लावण्याची वेळ आलेली नाही.

हे एवढ्यासाठी, की कधीतरी उतरताना चाक खड्ड्यात जाईल आणि एखादी नळी वाकेल. त्या दिवशी कारखान्याचा क्रमांक उपयोगी पडणार नाही. एक नळी कापून, खाच पाडून, जागेवर जोडणारा हात उपयोगी पडेल. कायद्याने शिक्षण म्हटले आहे ते हेच. खाचा विकत घेण्यात काहीही कमीपणा नाही. खाच का लागते, फट का नको आणि चूक साच्यात आहे की नळीत, हे ओळखण्याची नजर मात्र बाजारात मिळत नाही. बेतलेले कापड जरूर आणावे, श्रोतेहो. पण ज्या अंगरख्यावर जीव टांगायचा, त्याचा टाका आपल्याला कळत असला पाहिजे.