पेट ग्रूमिंगचा रेट कुत्रा बघून नाही, घड्याळ बघून ठरवा

डोंबिवली-कल्याणमध्ये पेट ग्रूमिंग सुरू करायचं म्हटलं की रेट कसा ठरतो, माहितीये? ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या सलूनचं रेटकार्ड शोधायचं, त्यातून दोनशे रुपये वजा करायचे आणि बोर्ड लावायचा. झाला रेट!

पण त्या सलूनचं भाडं तुम्ही भरत नाही, आणि तुमचं भाडं ते भरत नाहीत. मग त्यांच्या आकड्यातून वजाबाकी करून तुमचा आकडा कसा निघेल?

वही घ्या, आपण एक गणित करू. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमचे टाका. समजा, डोंबिवली पूर्वेला छोटा गाळा आहे. भाडं 15,000. मदतनीस 12,000. लाईटबिल-पाणी 4,000 (ब्लोअर वीज खातो, हे पहिलं बिल आल्यावरच कळतं!). शाम्पू, टॉवेल, ब्लेडला धार मिळून 6,000. फोन-जाहिरात 1,500. टेबल, ब्लोअर, क्लिपर तीन वर्षांनी बदलावे लागतील, त्यासाठी महिन्याला 3,500 बाजूला. झाले 42,000. आता त्यात तुमचा स्वतःचा पगार धरा, 25,000. हो, पगार! "उरेल ते माझं" असं म्हणू नका, कारण बऱ्याचदा काहीच उरत नाही आणि नोकरी सोडून आणलेली शिल्लक गुपचूप भाड्यात जाते. एकूण 67,000.

दुकान दहा तास उघडं असतं, पण टेबलावर कुत्रा किती वेळ असतो? साफसफाई, फोन, उशिरा येणारे कस्टमर सोडले तर पाच तास धरा. महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 130 तास. 67,000 भागिले 130, साधारण 515 रुपये. टेबलावरचा एक तास तुम्हाला 515 ला पडतो, आणि यात नफा अजून धरलेलाच नाही.

आता बघा. लॅब्राडोरची अंघोळ, ब्लो-ड्राय, नखं, कान, सगळं मिळून दीड तास. म्हणजे 770 च्या वर खर्च. शेजारचा 500 घेतो म्हणून तुम्हीही 500 घेतलेत, तर प्रत्येक लॅब्राडोरमागे 270 रुपये खिशातून गेले. शीत्झू आकाराने लहान, पण केस वाढतच राहतात, फुल हेअरकटला अडीच तास सहज जातात. त्याचा खर्च 1,290 च्या आसपास. म्हणून "लहान कुत्रा, कमी रेट" हा हिशोब चालत नाही.

आणि रेट कमी ठेवला की काय होतं? दीड तासाचं काम पाऊण तासात उरकायची घाई. क्लिपरचं ब्लेड तापतं, कातडी भाजते. नख जरा जास्त आत कापलं की रक्त येतं. कुत्रा एकदा घाबरला की पुढच्या वेळी टेबलावर उभाच राहत नाही. पावसाळ्यात तर आतले केस नीट सुकवावेच लागतात, ओल राहिली तर त्वचेचा त्रास ठरलेला. म्हणजे पावसाळ्यात वेळ जास्त लागणार, आणि तो तुमच्या गणितात हवा.

गुंता झालेले केस, गोचिड, चावरा स्वभाव यांचे पैसे वेगळे. पण ते काम सुरू करण्याआधी, कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून सांगायचे. काम झाल्यावर सांगितलेत तर भांडण होतं, आणि खरं सांगायचं तर कस्टमरचंच बरोबर असतं.

होम सर्व्हिस देताय? मग जाण्यायेण्याचा वेळही टेबलावरचाच समजा. डोंबिवलीहून कल्याणच्या खडकपाड्याला जाऊन येण्यात ट्रॅफिकमुळे दीड तास गेला, तर पिशवी उघडण्याआधीच 770 रुपये खर्च झाले. त्यापेक्षा वार ठरवा. मंगळवारी फक्त पलावा, तिथे एकाच दिवशी तीन-चार घरं. प्रवासखर्च विभागला जातो आणि रेटही सुसह्य राहतो.

"ताई, काहीतरी कमी करा ना!" हे तर रोजचंच. रेट कमी करू नका, काम कमी करा. "सहाशेत फक्त अंघोळ आणि ड्राय होईल, नखं-कान पुढच्या वेळी." शांतपणे सांगा. डिस्काउंट द्यायचाच असेल तर पाच आठवड्यांच्या आत परत येणाऱ्याला द्या. त्याच्या कुत्र्याला गुंता कमी असतो, तुमचा वेळ खरंच वाचतो. वाचलेल्या वेळेतलेच पैसे त्याला परत देताय, पदरचे नाही.

जीएसटीची भीती बऱ्याच जणांना असते. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. वरच्या उदाहरणात वर्षाचे आठ लाख होतात, त्यामुळे सध्या त्याची चिंता नको. उद्यम नोंदणी मात्र करून घ्या, सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आता एक काम. पुढचे पंधरा दिवस प्रत्येक कुत्रा टेबलावर चढला की वेळ लिहा, उतरला की वेळ लिहा. जात, केसांची अवस्था, मिनिटं, बस्स. अजून दुकान नसेल तर जिथे शिकताय तिथे लिहा. रेटकार्ड छापायला त्यानंतरच टाका.